बोलण्याआधीचे हात

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला आपलं बरंच बोलणं कळतं, पण जीभ वळायला अजून अवकाश असतो. हात त्यामानाने लवकर ताब्यात येतात. म्हणून मूठ उघडमीट केली की ‘दूध’, दोन्ही हातांची बोटं जुळवून एकमेकांवर टेकवली की ‘अजून’, अशा खुणा ऐकू येणाऱ्या बाळांनाही शिकवल्या जाऊ लागल्या. हे गेल्या चाळीसेक वर्षांतलं. मूळ मात्र कर्णबधिरांच्या घरांत आहे आणि ते आधी सांगायला हवं.

जिथे आईबाप खुणांनीच बोलतात, तिथलं मांडीवरचं मूलही तीच भाषा उचलतं. या भाषेला मान मात्र नव्हता. १८८० साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवावं असा ठराव केला आणि कितीतरी शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हा कुठे अभ्यासक तिला भाषा मानू लागले. १९९१ मध्ये लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी दाखवलं की खुणांच्या घरातली कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात. ‘बाबाबा’ म्हणावं तशी एकच हालचाल पुन्हा पुन्हा! मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो.

ऐकू येणाऱ्या घरांतली गोष्ट १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांची वर्षभराची लेक फूल दिसलं की हुंगल्यासारखं करायची. झाडावरचं असो की चित्रातलं, खूण तीच. हा तिचा शब्दच होता. सुझन गुडविन यांच्यासोबत त्यांनी अशा घरगुती खुणांचा पुढे कित्येक वर्षं अभ्यास केला. दुभाषी जोसेफ गार्सिया यांचा आग्रह वेगळा होता: खुणा घरी बनवू नका, कर्णबधिरांच्या भाषेतल्याच घ्या.

मग पुस्तकं आली, वर्ग निघाले, ‘मूल लवकर बोलेल, हुशार होईल’ अशी आश्वासनं आली. २०१३ साली इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० आया आणि त्यांची बाळं तपासली. खुणांमुळे भाषा लवकर आल्याचं दिसलं नाही. पण खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या मनात काय चाललंय याकडे अधिक लक्ष देऊ लागल्या होत्या. मला तर हीच मोठी कमाई वाटते.

एक गोष्ट मात्र सलते. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि ‘खुणा शिकवल्या तर ते बोलणार नाही’ हा सल्ला अशा आईबापांना आजही मिळतो.