‘किती चालेल?’ एवढंच विचारतो आपण

मे संपत आला की नाशिकमधल्या टायरवाल्यांकडे गर्दी वाढते. मृगाच्या आधी टायर बदलून घ्यावेत, नाहीतर निदान अलाइनमेंट तरी बघून घ्यावी, असं वाटणाऱ्यांची ती गर्दी. मुंबई नाक्याजवळच्या अशाच एका दुकानात मी बाकावर बसून होतो. अर्ध्या तासात पाच गिऱ्हाइकं आली आणि पाचही जणांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “भाऊ, किती चालेल?” म्हणजे किती किलोमीटर. पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे कुणी विचारलं नाही. मी तरी आधी कुठे कधी विचारलं होतं!

गंमत अशी, की याचं अर्धंमुर्धं उत्तर टायरवरच छापलेलं असतं. समोर भिंतीला टेकवलेल्या टायरवर ठळक ठशात होतं: १८५/६५ आर १५, ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो भार पेलेल आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसेल. हे झालं माप आणि कुवत. दर्जा त्याच्या खाली, वाकून पाहावं लागेल अशा बारीक अक्षरांत असतो: ट्रेडवेअर (झीज) ४००, ट्रॅक्शन (पकड) ए, टेंपरेचर (तापमान) ए.

ही पद्धत अमेरिकेतली, १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने टायर कंपन्यांना लावून दिलेली. आपल्याकडे तिची सक्ती नाही, पण कारच्या बऱ्याच टायरांवर ती छापलेली सापडते. त्यातलं मधलं अक्षर पकडीचं. ते कसं ठरतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘ए’ वाचून आपण जे समजतो ते त्यात नसतं.

टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाजवळ यासाठी खास रस्ते राखले आहेत, एक डांबरी आणि एक काँक्रीटचा. रस्ता ओला करायचा, टायर बसवलेला ट्रेलर ताशी ४० मैलांनी, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरने ओढायचा आणि चाक ब्रेक लावून पूर्ण जाम करायचं. घसरत जाणारं ते चाक रस्त्याला किती धरून राहतं ते मोजायचं. या पकडीचा आकडा, म्हणजे घर्षण गुणांक, डांबरावर ०.५४ च्या वर आणि काँक्रीटवर ०.३८ च्या वर गेला तर ‘डबल ए’. डांबरावर ०.४७ आणि काँक्रीटवर ०.३५ ओलांडले तर ‘ए’. ०.३८ आणि ०.२६ ओलांडले तर ‘बी’. त्याखाली सगळं ‘सी’.

हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून त्यांचं अंतरात रूपांतर करून पाहिलं. ताशी ६४ किलोमीटर वेग, ओलं डांबर, चाकं जाम. ०.५४ पकड असेल तर गाडी सुमारे ३० मीटरवर थांबते. ०.३८ असेल तर सुमारे ४३ मीटर लागतात. फरक १३ मीटर, म्हणजे ओळीने उभ्या तीन गाड्या. पण मला हबकवलं ते याच गणिताच्या दुसऱ्या बाजूने. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे पोचताना दुसरीचा वेग अजून ताशी ३५ किलोमीटर असतो. द्वारका चौकात पुढे रिक्षा उभी असेल, तर हा ३५ चा आकडा तिच्या मागच्या सीटवर जाऊन आदळणार.

आता या अक्षरात काय नाही ते. वळणावरची पकड त्यात नाही. कोरड्या रस्त्यावरचं थांबणं नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो की नाही, तेही नाही. चाचणी जाम झालेल्या चाकाची, आणि आजच्या गाड्यांतलं एबीएस तर चाक जाम होऊच देत नाही. शिवाय चाचणीतला टायर जेमतेम रुळलेला, नवाकोरा असतो. कसारा घाट उतरताना वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ लागली, तर ‘ट्रॅक्शन ए’ने तुम्हाला त्याबद्दल कसलंही वचन दिलेलं नाही.

मुळात रबर रस्ता धरतं कसं? दोन तऱ्हांनी. एक म्हणजे चिकटून: रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाशी क्षणभर जुळतात आणि सुटतात. दुसरी तऱ्हा म्हणजे रबर खडीच्या उंचसखल दाण्यांवर दबतं, पण लगेच पूर्ववत होत नाही. ते सावकाश फुगतं आणि या सावकाशीत ऊर्जा खर्ची पडते. रस्ता ओला झाला की पाण्याचा पातळ थर मध्ये येतो आणि पहिली तऱ्हा जवळजवळ संपते. उरते ती दुसरी. म्हणून पावसात रस्त्याची खडी उघडी आहे की घासून गुळगुळीत झाली आहे, याला एवढं महत्त्व. न्हाणीघरात जुनी, तळ झिजलेली स्लीपर घालून ओल्या फरशीवर पाय टाकला की काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे फरशीही गुळगुळीत आणि तळही गुळगुळीत.

मग रबर असं बनवावं की ते दबल्यावर भरपूर ऊर्जा खाईल? तसं केलं तर चाक नुसतं फिरतानाही ऊर्जा खाणार, टायर तापणार, पेट्रोल जास्त जाळणार. ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली ती सिलिकाने, म्हणजे वाळू ज्याची बनते त्या पदार्थाच्या बारीक पुडीने. नव्वदच्या दशकापासून कारच्या टायरच्या रबरात काजळीच्या जोडीला, काही वेळा तिच्या जागी, सिलिका घालू लागले. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक भाग तेवढ्याच वेळा दबतो. घसरताना मात्र रबरावर खडीचे बारीक दाणे सेकंदाला हजारो वेळा आपटतात. सिलिकाचं रबर संथ दाबाला कमी ऊर्जा खातं आणि या वेगवान माराला जास्त. माझ्या मते गाडीतल्या सगळ्या पडद्या-कॅमेऱ्यांपेक्षा ही जास्त हुशारीची गोष्ट आहे, पण शोरूममध्ये तिचं नावही कुणी काढत नाही.

आता त्या ‘किती चालेल’ प्रश्नाकडे. ट्रेडवेअरचा आकडा किलोमीटर सांगत नाही. टेक्सासमधल्या ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या फेरीवर गाड्यांचा ताफा जातो, एकूण साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास. १०० गुणांच्या तुलनेच्या टायरपेक्षा आपला किती कमी झिजला, त्यावरून गुण. ४०० म्हणजे त्या चाचणीत चौपट टिकाऊ, एवढंच. अंतिम गुण कंपनी स्वतः छापते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून सौदा करण्यात फारसा अर्थ नाही. सर्वसाधारणपणे, जे रबर जास्त टिकतं ते कडक असतं आणि कडक रबर खडीत कमी रुततं. चांगल्या कंपन्या दोन्ही साधतात, पण त्याचे पैसे घेतात. स्वस्तही हवा, ऐंशी हजार किलोमीटरही हवेत आणि पावसात पकडही हवी, असं म्हणणाऱ्याला टायरवाला फक्त हसू शकतो.

आणि ते अक्षर टायर झिजल्यावरही ‘ए’च राहतं. कारचा टायर रस्त्याला टेकतो ती जागा तळहाताएवढी. १,२०० किलोची गाडी, दर चाकावर ३००, आत ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतात. असे चार तळहात, आणि वर सगळं कुटुंब. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी असेल आणि वेग ८० असेल, तर या प्रत्येक तळहाताला सेकंदाला नऊ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दर सेकंदाला अर्धी बादली! ते पाणी जातं खाचांतून. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. आपला मोटार वाहन नियम कारला किमान १.६ मिलिमीटर मागतो. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, ते आजूबाजूच्या रबराच्या पातळीला आले की टायर कायद्याने संपला. पावसापुरता तो त्याच्या बराच आधी संपलेला असतो.

पाणी सारता आलं नाही की टायर पाण्यावर चढतो. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि फिरवून काही होत नाही. विमानांची चाकं धावपट्टीवर अशी का तरंगतात, याचा अभ्यास साठच्या दशकात नासाच्या अभियंत्यांनी केला आणि एक सोपं सूत्र दिलं: टायरमधल्या दाबाच्या पीएसआय आकड्याचं वर्गमूळ घ्या, त्याला साधारण १६.७ ने गुणा, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये तरंगण्याचा वेग मिळतो. हे टकल्या टायरचं, किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असतानाचं गणित. ३२ पीएसआयला ९४ येतात, २४ ला ८२. हवा कमी तर लवकर तरंगाल. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. मे महिन्यात भर दुपारी तापल्या टायरांत भरलेली हवा डिसेंबरात निफाडच्या पहाटे किती उरेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. (नायट्रोजन भरला की हवा बघायला नको, हा गैरसमज आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.)

तिसरं अक्षर तापमानाचं. ‘ए’ म्हणजे टायर ताशी १८५ किलोमीटरच्या वरच्या वेगातली उष्णताही सोसतो, ‘बी’ १६० ते १८५. समृद्धी महामार्गावर कारची मर्यादा १२० असताना हे पुरेसं वाटतं. पण चाचणीतल्या टायरांत हवा बरोबर असते आणि भारही नेमका. हवा कमी, डिकीत पोती, छपरावर सामान आणि खाली तापलेलं काँक्रीट, अशात टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि शेवटी आतले थर सुटतात. त्याला आपण ‘टायर फुटला’ म्हणतो.

मला स्वतःला फसायला मात्र यातलं कुठलंच अक्षर लागलं नाही, चार आकड्यांनी काम केलं. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून ‘नवे’ टायर घेतले, सवलतही मिळाली. घरी आल्यावर कडेवरच्या लंबगोलातले आकडे वाचले: २३१९. २०१९ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे दुकानातच ते तीन वर्षं पडून होते. रबर नुसतं ठेवलं तरी हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू कडक होतं. परत नेले तर उत्तर मिळालं, “साहेब, खाचा बघा ना, नवेच आहेत.”

या वेळी मी आधी ते चार आकडे वाचले आणि मगच पैसे काढले. दोनच टायर बदलायचे होते. पोरगा जॅक घेऊन सरळ पुढच्या चाकाशी बसला. म्हटलं, नवे मागे लाव.

“मागे? इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे. सगळे पुढेच लावतात, भाऊ.”

सगळे लावतात हे खरं. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आपण ॲक्सिलरेटर सोडतो, वेग पडतो आणि ती पुन्हा हातात येते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ती सावरणं सरावलेल्या चालकालाही अवघड. म्हणून जास्त खाच असलेली जोडी मागे. टायर कंपन्याही हेच सांगतात. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने “लाव रे, म्हणतात तर” अशी मान हलवली. पोराने जॅक उचलला आणि तो मागच्या चाकाकडे गेला. तेवढ्यात सहावं गिऱ्हाईक आत आलं.