टंचाईतले वीज करार : दाभोळपासून सौर फीडरपर्यंत

उन्हाळा तापला, विजेची मागणी वाढली, की महाराष्ट्रात एक जुना वाद उफाळतो: आत्ताच मोठे, दीर्घ मुदतीचे वीज खरेदी करार करून टाकावेत, की हात मोकळे ठेवावेत? या वादात दाभोळचे, म्हणजे एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या कोकणातल्या वीज प्रकल्पाचे, नाव निघतेच, आणि ते साहजिक आहे.

१९९१ मध्ये केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, त्याच्या महागड्या विजेमुळे स्वस्त कोळशाची वीज बाजूला पडेल, असे सांगत जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज देण्यास नकार दिला. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या प्रकल्पाची वीज घेण्याच्या २० वर्षांच्या करारावर सही केली. त्या वेळी राज्यात विजेचे दर ठरवणारा वीज नियामक आयोगही नव्हता. तो आला १९९९ मध्ये.

करारातली मेख स्थिर आकारात होती. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, तेही डॉलरच्या भावाशी बांधलेले. एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा करत १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने करार रद्द केला, आणि फेरवाटाघाटींत दुसऱ्या टप्प्यासह तो पुन्हा गळ्यात घेतला. माघारीची खरी संधी इथेच दवडली गेली, असे माझे मत. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर सुरू झाला. रुपया घसरत आणि इंधन महागत गेले, तसा युनिटचा दर मंडळाच्या आवाक्याबाहेर गेला. २००१ मध्ये मंडळाने करार मोडला आणि प्रकल्प बंद पडला.

पुढे ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन सुरू झाले, तेव्हा गुहागर तालुक्यातला हा प्रकल्प ठप्पच होता. तो २००६ मध्ये सरकारी कंपन्यांच्या हाती पुन्हा चालू झाला खरा; पण नैसर्गिक वायूच मिळेना, म्हणून २०१३ मध्ये परत थांबला. पुण्याने मात्र २००६ मध्येच वेगळी वाट काढली होती. कारखान्यांची स्वतःची जनित्रे टंचाईच्या तासांत चालवायची आणि वाढीव खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोडा-थोडा उचलायचा. वीस वर्षांची बांधिलकी कुणाच्याच गळ्यात नाही.

कोळसाही बेभरवशाचाच. २०१५ च्या दुष्काळात परळीच्या कोळशावरच्या वीज केंद्राचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये कोळसाच कमी पडला, आणि मंत्रिमंडळाने घाईने गुजरातेतल्या मुंद्र्याची वीज घ्यायला मंजुरी दिली. घाईच्या खरेदीत भाव विकणाराच ठरवतो.

शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे; वाहिनी म्हणजे फीडर, पंपांना वीज पोचवणारी तार. तिचे करारही २५ वर्षांचे असले तरी इंधनाचा आणि डॉलरचा धोका त्यांत नाही. संध्याकाळच्या मागणीचा प्रश्न मात्र सौरने सुटत नाही. त्यासाठी पाणी वर चढवून साठवणारा घाटघरसारखा प्रकल्प लागतो, आणि त्याची क्षमता अवघी २५० मेगावॉट आहे.