मागचं फ्रीव्हील (चेन बसते ते मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) लहान केलं की ई-सायकल जास्त पळते?

पुण्यात हा सल्ला अजून फिरतोच. मागच्या चाकात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसून थेट चाकच फिरवणारी मोटर, असेल तर तिचा चेनशी संबंधच नसतो. वेग ठरतो बॅटरीचे व्होल्ट, वायंडिंग (मोटरमधले तारेचे वेढे) आणि मोटरची वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधल्या मर्यादेवर.

बदलतो तो फक्त पायांचा हिशेब. 26 इंची चाक, पुढे 44 दाते, पेडलचे मिनिटाला 80 फेरे: मागे 18 दात्यांवर ताशी 24 किमी, 16 वर 27. वेगात पाय जोर न लागता मोकळे फिरायचे थांबतात, एवढंच. चेन ताणायला चाक साधारण 6 मिमी मागे घ्यावं लागतं. तेव्हा टॉर्क वॉशर (अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकाच्या दांड्याला, जागेवर धरणारी चकती) नीट बसवा, नाहीतर अ‍ॅक्सल फिरून मोटरची केबल पिळवटते. महागात पडणारी चूक हीच.

पेडलपाशी मोटर असलेल्या सिंगल-स्पीड (एकाच गिअरच्या) सायकलला फरक पडतो, कारण ती मोटर चेनमधूनच चाक फिरवते; पण 25 वरून 35 ला जाताना वारा कापायची शक्ती पावणेतीनपट लागते. 250 वॉटमध्ये ती आणायची कुठून? वर कात्रजच्या चढाला मोटर कमी फेऱ्यांवर रेटली जाते, करंट वाढतो, वायंडिंग तापतं. शिवाय मोटरने ताशी 25 किमी ओलांडणारी सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते.