चिमणीतली उष्णता पुन्हा बर्नरमध्ये

डिझेलवर चालणाऱ्या फोर्जिंगच्या भट्टीतून धूर 1100 अंशांवर बाहेर पडत असेल, तर 100 रुपयांच्या डिझेलातले 52 रुपये चिमणीवाटे जातात. रिक्युपरेटर त्यातला काही भाग वळवतो. धुराच्या वाटेत नळ्यांचा जुडगा बसवायचा. बाहेरून धूर, आतून बर्नरकडे जाणारी ब्लोअरची हवा.

हवा 400 अंशांपर्यंत तापवली तर जेमतेम 14 रुपये परत येतात. बचत मात्र 20 टक्क्यांच्या पुढे जाते! आधी भट्टीच्या कामी 48 पडत होते, आता 62 पडतात. म्हणजे तेवढ्याच कामाला 77 रुपयांचं डिझेल पुरतं.

घोळ होतो तो जुनाच बर्नर ठेवल्याने. 40 अंशांची हवा 400 वर गेली की दुपटीहून अधिक फुगते. त्याच तोंडातून ती ढकलायला दाबही दुपटीहून जास्त लागतो, तो ब्लोअरकडे नसतो. म्हणून बर्नरमधली हवेची वाट रुंद हवी. डिझेलचा फवारा करणारी हवा मात्र गारच ठेवायची, नाहीतर नोझलच्या टोकावर डिझेल करपून कोळसा धरतं.

खानदेशात यात ऋतूची भर पडते. जळगावात डिसेंबरच्या पहाटे 12 अंश, मेच्या दुपारी 45. ब्लोअर घनमीटर तेवढेच फेकतो, पण हवेचं वजन 10 टक्क्यांनी घटतं. थंडीत 10 टक्के जादा हवेवर लावलेला बर्नर उन्हाळ्यात हवेला तोटा पडलेला असतो. ज्योत पिवळी, काजळी, आणि न जळलेला वायू पुढे रिक्युपरेटरमध्ये गळतीची हवा मिळताच पेटतो. नळ्या तिथेच जळतात. बर्नरची हवा मार्चअखेर पुन्हा लावावी.

वीज गेली तरी तोच धोका. ब्लोअर बंद, भट्टी लालबुंद, नळ्यांना गार ठेवणारी हवाच नाही. बायपास डॅम्पर, म्हणजे धूर नळ्यांना टाळून थेट चिमणीत सोडणारी झडप, वजनाने आपोआप उघडणारा असावा. मोटरवरचा अशा वेळी काय कामाचा? धुराच्या तोंडाशी जास्त उष्णता सोसणारं 310 स्टेनलेसच वापरावं.

700 अंशांनी तापलेली मीटरभर नळी सुमारे 12 मिलिमीटर वाढते. एक टोक मोकळं ठेवा किंवा बेलोज (भात्यासारखा लवचिक सांधा) लावा. दोन्ही टोकं पक्की वेल्ड केली तर सांधा फाटतो आणि तापलेली हवा बर्नरऐवजी चिमणीत जाते. बाहेरून काही दिसत नाही. धुरातला ऑक्सिजन रिक्युपरेटरच्या आधी 2 टक्के आणि नंतर 6 टक्के भरला, तर नळी फुटली समजा.