आयडा लुपिनो

आयडा लुपिनो (४ फेब्रुवारी १९१८ – ३ ऑगस्ट १९९५) ही लंडनमध्ये जन्मलेली इंग्लिश नटी आणि डायरेक्टर, पण तिचं जवळपास सगळं काम हॉलिवूडमधलं, १९४८ मध्ये तिने अमेरिकेचं नागरिकत्व पण घेतलं. ॲक्टिंगमध्ये तिचं नाव होतंच, तरी आज तिची आठवण काढतात ती जास्त करून कॅमेऱ्यामागच्या कामासाठी, कारण १९५० च्या आसपास तिथे डायरेक्टर बाई शोधून सापडत नव्हती.

घरात नाटक पिढ्यान्‌पिढ्या. वडील स्टॅन्ली लुपिनो लंडनचे फेमस विनोदी नट, आई कॉनी एमराल्ड पण स्टेजवरचीच. १९३३ मध्ये पॅरामाउंट या स्टुडिओने पोरीला अमेरिकेला नेलं, केस सोनेरी करून गोड गोड रोल दिले, ते विसरलेलेच बरे. पुढे वॉर्नर ब्रदर्सकडे मात्र तिला सूर सापडला. 'दे ड्राइव्ह बाय नाइट' (१९४०) मधला तिचा कोर्टातला सीन बघाच, आणि 'हाय सिएरा' (१९४१) मध्ये तर टायटलमध्ये तिचं नाव हिरो हम्फ्री बोगार्टच्या आधी होतं!

पण तिथे चांगले रोल आधी स्टुडिओची बडी नटी बेटी डेव्हिसकडे जायचे, तिने नको म्हटलेले हिच्याकडे, म्हणून ही स्वतःला गरिबांची बेटी डेव्हिस म्हणायची. पटला नाही तर रोल नाकारायची, मग स्टुडिओ सस्पेंड करायचा, पगार बंद. घरी बसून काय करणार, तर ती सेटवर जाऊन डायरेक्टर काम कसं करतात, एडिटिंग कसं होतं ते बघत बसायची. माझ्या मते तिची खरी शाळा हीच.

नंतर तिने नवरा कॉलियर यंगसोबत 'द फिल्ममेकर्स' ही छोटी कंपनी काढली. 'नॉट वाँटेड' (१९४९) हा कुमारी मातेवरचा सिनेमा, त्याचे डायरेक्टर एल्मर क्लिफ्टन यांना हार्ट अटॅक आला आणि काम हिनेच पुरं केलं, क्रेडिट मात्र त्यांचंच ठेवलं. मग 'नेव्हर फिअर', पोलिओ झालेल्या डान्सरची गोष्ट, आयडाला स्वतःला १९३४ मध्ये पोलिओ होऊन गेला होता त्यामुळे हे काही ऐकीव नव्हतं. 'आउटरेज' (१९५०) बलात्कारावर आहे, पण सेन्सॉरच्या नियमांमुळे तो शब्दच अख्ख्या सिनेमात नाही. भर आहे तो नंतर त्या मुलीचं काय होतं, माणसं तिच्याकडे कशी बघतात यावर.

'द हिच-हायकर' (१९५३) सगळ्यात गाजलेला. बिली कुक नावाच्या खऱ्या खुन्यावरून सुचलेला, दोन मित्र, गाडीत लिफ्ट घेतलेला एक माणूस आणि त्याच्या हातात पिस्तूल, बास. जेमतेम सव्वा तासाचा, बायका जवळपास नाहीतच, पण धाक असा की पाणी प्यायला उठवत नाही. त्याच वर्षी 'द बिगॅमिस्ट' मध्ये तिने डायरेक्शन आणि ॲक्टिंग दोन्ही केलं. यात गंमत म्हणजे प्रोड्युसर कॉलियर यंग, तोवर हिचा घटस्फोट झालेला नवरा, आणि दुसरी हिरॉईन जोन फाँटेन, त्याची नवी बायको! दोन बायकांच्या नवऱ्यावरचाच सिनेमा.

कंपनी बंद पडल्यावर ती टीव्हीकडे वळली, वेस्टर्न, क्राइम, कॉमेडी जे मिळेल ते केलं. मूळच्या 'ट्वायलाइट झोन' या सिरीयलचा एपिसोड डायरेक्ट करणारी ती एकटीच बाई ('द मास्क्स', १९६४). मोठा सिनेमा पुन्हा एकच, 'द ट्रबल विथ एंजल्स' (१९६६), कॉन्व्हेंट शाळेतल्या खोडकर मुलींचा. १९७२ ला 'ज्युनियर बॉनर' मध्ये ती स्टीव्ह मॅक्वीनची आई झाली, वयाने त्याच्याहून फक्त १२ वर्षांनी मोठी असून.