परिमाण आणि तीव्रता: इस्किया बेटावरचा 'फक्त चारचा' भूकंप

२१ ऑगस्ट २०१७. रात्रीचे नऊ वाजायला तीन मिनिटे कमी होती. इटलीतल्या नेपल्स शहरासमोरच्या इस्किया बेटावर जमीन हलली आणि कासामिच्चोला या गावाच्या वरच्या भागातली घरे कोसळली. दोन स्त्रिया गेल्या, चाळीसहून अधिक लोक जखमी झाले, अडीच हजारांहून जास्त लोकांना घर सोडावे लागले. ढिगाऱ्याखालून तीन लहान भाऊ जिवंत निघाले. त्यातला शेवटचा, अकरा वर्षांचा, बाहेर यायला सोळा तास लागले.

भूकंपाचा आकडा आधी ३.६ आला, नंतर सुधारून ४.०. तो ऐकून इटलीत लगेच प्रश्न विचारला गेला: एवढ्याशा भूकंपाने घरे पडतातच कशी?

हा प्रश्न आपल्याकडेही पडतो, आणि मराठीत त्याचा गुंता जास्त आहे. आपल्या बातम्यांत '४.० रिश्टर तीव्रतेचा भूकंप' असे सर्रास छापले जाते. पण ४.० ही तीव्रता नाही, ते परिमाण आहे. एकाच शब्दावर दोन वेगळ्या गोष्टींचा भार टाकला की वाचणाऱ्याला वाटते, आकडा लहान म्हणजे त्रासही लहान.

परिमाण म्हणजे जमिनीखाली खडक सरकला तेव्हा भूकंप मुळात केवढा होता, त्याचे माप. ते यंत्रावरच्या नोंदींतून काढतात आणि एका भूकंपाला एकच असते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी अशी मोजपट्टी बसवली. आज मोठ्या भूकंपांसाठी वेगळी पद्धत वापरतात, पण तोंडी नाव रिश्टरचेच राहिले. या पट्टीवर एक अंक वर गेले की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोन अंकांनी हजार पट.

तीव्रता म्हणजे तुमच्या गावात, तुमच्या पायाखाली काय घडले ते. ती मुळात यंत्र सांगत नाही; घरे, भिंती आणि माणसे सांगतात. टांगलेला दिवा हलला का, झोपलेली माणसे जागी झाली का, छपरावरचे धुराडे पडले का, शंभरातली किती घरे कोसळली, हे गावोगाव फिरून पाहतात आणि १ ते १२ मधली पायरी ठरवतात. म्हणून एका भूकंपाला परिमाण एक आणि तीव्रता गावागणिक वेगळी. एक साधी खूणगाठ बांधून ठेवा: बातमीत दशांश चिन्ह असलेला आकडा दिसला की ते बहुधा परिमाणच असते. तीव्रतेच्या पायऱ्या पूर्णांकांत मोजतात.

आता पुन्हा बेटाकडे. २०१७ च्या भूकंपाची खोली आधी दहा किलोमीटर सांगितली गेली, मग पाच, आणि शेवटी जेमतेम दोन किलोमीटर ठरली. सगळे कोडे इथेच सुटते. इस्किया हे ज्वालामुखीचे बेट. त्याच्या मधोमध एपोमेओ डोंगर, आणि त्याच्या उत्तर उताराला कासामिच्चोला. भूकंप जवळजवळ थेट गावाच्या खालीच झाला. हादऱ्याला वाटेत ओसरायला अंतरच मिळाले नाही. वर सैल जमीन, त्यावर दगडी बांधकामाची घरे. कासामिच्चोलाच्या वरच्या वस्तीत तीव्रता ८ नोंदली गेली. काही किलोमीटरवर, बेटाच्या पूर्वेकडच्या बंदराच्या गावात, घरे उभी होती. बेटाचे क्षेत्रफळ अवघे ४६ चौरस किलोमीटर, तरी एकाच बेटावरच्या माणसांनी त्या रात्री दोन वेगळे भूकंप अनुभवले असेच म्हणावे लागेल.

याच गावाने याहून भयंकर रात्र पाहिली आहे. २८ जुलै १८८३ ला, ऐन उन्हाळी हंगामात, कासामिच्चोला जमीनदोस्त झाले आणि बेटावर २,३०० हून अधिक माणसे मेली. पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेले बेनेदेत्तो क्रोचे तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांचे आईवडील आणि बहीण तिथेच गेले. ते स्वतः कित्येक तास ढिगाऱ्यात अडकले होते. त्या भूकंपाचे परिमाण आजचे अभ्यासक साधारण ४ ते ५ च्या घरात धरतात. तीव्रता मात्र १० च्या आसपास.

त्या विध्वंसाचा अभ्यास करणाऱ्यांत जुझेप्पे मेर्काल्ली हे धर्मगुरू होते. तीव्रतेच्या पायऱ्या आज ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात, तेच हे. मला यात फार अर्थ दिसतो. पडलेली घरे मोजत हिंडणाऱ्या माणसाच्या नावे ही मोजपट्टी आहे, आणि ती मोजते तेही माणसांचेच हाल.

उलटे उदाहरण दुसऱ्या बेटांचे. १९ ऑगस्ट २०१८ ला फिजीजवळ ८.२ परिमाणाचा भूकंप झाला. ऊर्जा इस्कियाच्या दहा लाख पटींहून जास्त. पण तो झाला सुमारे ६०० किलोमीटर खोल, त्यामुळे बेटांवर मोठी हानी झाली नाही. नुसते आकडे पाहून बातमीची जागा ठरवायची तर फिजी पहिल्या पानावर आणि इस्किया आतल्या पानावर जाईल.

खोली हे एक कारण. जमीन आणि घराची बांधणी हे दुसरे, आणि ते आपल्याला किल्लारीने शिकवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा तो भूकंप ६.२ परिमाणाचा. जपानमध्ये एवढा भूकंप अनेकदा थोड्या पडझडीवर निभावतो. इथे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर आले आणि हजारो जीव गेले. तोच भूकंप पुण्यातही जाणवला. परिमाण तेच, पण तीव्रतेत जीवनमरणाचे अंतर.

आणि पालघर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लहान, उथळ धक्क्यांची मालिका सुरू झाली. परिमाण बहुतेक वेळा चारच्या आत. ऐन थंडीत तिथली कुटुंबे तंबूत झोपत होती, भिंतींना तडे जात होते, जमिनीतून गडगडाट येत होता. 'तीनचा तर धक्का, एवढे काय घाबरायचे?' असे त्यांना म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तीन हे परिमाण होते. त्यांच्या घरातली तीव्रता तिथल्या भिंतींना विचारायला हवी होती.

ती विचारण्याची सोय आज आहे. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर, धक्का जाणवला तर कोणालाही ते कळवता येते. तिथे परिमाण सांगायची गरज नाही, ते यंत्रे काढतात. तुम्ही एवढेच सांगायचे: तुम्ही कुठे होता, भांडी वाजली का, झोप मोडली का, भिंतीला तडा गेला का.