वावडे मांजराच्या केसांचे नसते

खानदेशातल्या शेतकरी घरात मांजर लाडापेक्षा कामासाठी अधिक पाळले जाते. ज्वारी-बाजरीच्या कणग्या आणि धाब्याच्या घरांची मातीची छपरे म्हणजे उंदरांची हक्काची जागा. घरातल्या मुलाला शिंका, डोळ्यांची खाज आणि रात्रीची घरघर सुरू झाली, की मात्र त्याच मांजराला पोत्यात घालून दूरच्या शिवारात सोडून दिले जाते. आठ दिवसांनंतरही शिंका थांबत नाहीत, तेव्हा घरचे चक्रावतात.

हा अनुभव समजून घ्यायचा तर आधी वावडे कशाचे आहे ते पाहावे लागते. दोष केसांचा नाही. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत ‘फेल डी १’ नावाचे प्रथिन तयार होते आणि मांजराची अॅलर्जी असलेल्या बहुतेकांना त्रास होतो तो याच प्रथिनाचा. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि त्वचेच्या सूक्ष्म कोंड्याबरोबर हे प्रथिन हवेत उडते. त्याचे काही कण ५ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असल्यामुळे ते तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात उतरतात. अॅलर्जी असलेल्या माणसाचे शरीर या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते (इशिझाका या संशोधक दांपत्याने १९६६ मध्ये ती ओळखली), आणि पुढच्या प्रत्येक भेटीत खाज-सूज आणणारे हिस्टामिन नावाचे रसायन शरीरात सुटून नाक-डोळे वाहू लागतात. म्हणूनच मांजराचे केस कापल्याने काहीच साधत नाही.

हे प्रथिन विलक्षण चिवट असते. मांजर घरातून गेल्यानंतर त्याचे प्रमाण बिनमांजराच्या घराइतके खाली यायला अनेकदा २० ते २४ आठवडे लागतात, कारण गाद्या, गोधड्या, पडदे आणि कपडे यांत ते मुरलेले असते. मुलाला तीव्र दमा असेल, तर मांजरासाठी दुसरे चांगले घर शोधणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. त्रास सौम्य असेल, तर त्याआधी घरातच बरेच करण्यासारखे आहे.

पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय म्हणजे झोपण्याची खोली मांजराला कायमची बंद करणे. दिवसाचे सात-आठ तास आपण ज्या उशीत नाक खुपसून असतो, तीच स्वच्छ राहिली तर शरीराला रोज तेवढी विश्रांती मिळते. कापसाची गादी धुता येत नाही, म्हणून तिला घट्ट विणीची चेनवाली खोळ घालावी. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन गादीतला ओलावा घालवते, पण हे प्रथिन त्या तापाने सहज मोडत नाही. तेव्हा वाळवलेली गादी अॅलर्जी नसलेल्या माणसाने अंगणातच झटकावी. गोधड्या, चादरी आणि अभ्रे मात्र दर आठवड्याला धुवावेत, कारण धुण्याने प्रथिन पाण्याबरोबर निघून जाते.

जमिनीच्या बाबतीत आपली घरे भाग्यवान आहेत. गालिच्यात हे प्रथिन जितके साठते, त्या मानाने फरशीवर फारच थोडे राहते. परंतु कोरड्या केरसुणीने झाडल्यास बसलेले कण पुन्हा हवेत उठतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसणे अधिक हिताचे. उन्हाळ्यात खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तर घरातली हवा सतत बाहेर जात राहते. हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद होतात आणि मांजरही उबेला गोधडीत शिरते, तेव्हा खरी जपणूक हवी. हेपा गाळणीचे हवाशुद्धी यंत्र ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, मात्र गादीत मुरलेल्या प्रथिनाला ते हात लावू शकत नाही.

मांजराला आंघोळ घातल्यावर प्रथिन घटते खरे, पण आठवडाभरातच ते पूर्ववत होते, आणि पाण्याला भिणाऱ्या जनावराला वारंवार छळणे मला योग्य वाटत नाही. बोक्याची नसबंदी अधिक उपयोगी, कारण नसबंदी न केलेल्या बोक्याच्या अंगावर हे प्रथिन जास्त बनते. मांजराला हाताळल्यावर हात धुवावेत, चेहऱ्याला लावू नयेत. हळदीचे दूध किंवा मध घेतल्याने हवेतले कण कमी होत नाहीत. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास मात्र आत अडकलेले कण निघून जातात आणि आराम पडतो.

शिवाय प्रत्येक शिंक मांजराचीच असते असे नाही. गाजरगवताचे पराग आणि गादीतील धूळकिडे अगदी अशीच लक्षणे निर्माण करतात, म्हणून मांजरावर ठपका ठेवण्याआधी त्वचेची किंवा रक्ताची अॅलर्जी चाचणी करून घ्यावी. श्वास घेताना शिटीसारखा आवाज येत असेल, छाती आवळत असेल किंवा खोकल्याने झोपमोड होत असेल, तर घरगुती उपायांवर न विसंबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.